ठोका मशीनचा, हात फक्त धरायला

काँक्रीटच्या बीमला साध्या हॅमर ड्रिलने भोक पाडायला घेतलं की ठरलेला प्रकार होतो. मशीन किंचाळतं, बिटाचं टोक तापतं, माणूस खांदा लावून रेटत राहतो आणि भोक अर्ध्या इंचावर अडून बसतं. त्याच जागी बॅटरीवरचा रोटरी हॅमर लावला तर सहा मिलिमीटरचं भोक काही सेकंदांत होऊन जातं, तेही फारसा जोर न लावता. दिसायला दोन्ही मशीन भावंडं; पण ठोकण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे. ती समजली की मशीन कसं धरायचं, कुठे थांबायचं आणि वंगण कुठे लावायचं, हे पाठ करावं लागत नाही.

साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. दात दातावरून घसरला की बिट किंचित पुढेमागे होतं. असे ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात, पण प्रत्येक ठोका दुबळा, आणि त्याचा जोर तुम्ही मागून किती रेटता यावर अवलंबून. रेटायची सवय आपल्याला लागते ती इथे.

रोटरी हॅमरमध्ये मोटर एका नळकांड्यात दट्ट्या पुढेमागे करते. दट्ट्यासमोर पोलादाचा एक सुटा ठोकळा असतो आणि दोघांच्या मध्ये कोंडलेली हवा. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरलं की दांडा उसळतो, तसंच इथे होतं. दट्ट्या पुढे आला की हवा दबते आणि ठोकळा गोळीसारखा पुढे फेकला जातो. दट्ट्या मागे गेला की ठोकळाही मागे ओढला जातो. एक किलोचं वजन वीस सेंटिमीटरवरून पडल्यावर जेवढी ऊर्जा मिळते, साधारण तेवढी म्हणजे दोनेक जूल प्रत्येक ठोक्यात, आणि सेकंदाला सत्तर-पंच्याहत्तर ठोके. यात तुमच्या खांद्याचा वाटा जवळजवळ शून्य. बिट भिंतीला टेकवलं की आतली हवेची वाट बंद होते आणि ठोके सुरू होतात. बिट उचललं की हवा सुटते आणि ठोके थांबतात. हाताचं काम एवढंच, बिट भिंतीला टेकलेलं ठेवणं. त्याहून जास्त रेटलं तर भुकटी खाचांतून बाहेर यायला जागा राहत नाही, बिट तापतं, अडकतं, आणि कंप शोषायला ठेवलेल्या स्प्रिंगा दबून सगळा हादरा मनगटात येतो.

काँक्रीटला हा ठोका का सोसत नाही? ते दाबाला दणकट असतं, पण ताणाला त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं टिकतं. टंगस्टन कार्बाइडचं टोक आदळलं की खाली बारीक तडे जातात आणि कपचा उडतो. बिट फिरतं ते कापायला नव्हे; पुढचा ठोका नव्या जागी पडावा आणि भुकटी बाहेर यावी म्हणून. त्यामुळेच टाइल, पोकळ वीट किंवा लाकूड यांवर हॅमर मोड बंद ठेवायचा. टाइल फुटेल, पोकळ विटेची आतली भिंत ढासळेल, आणि लाकडाला ठोक्याचा उपयोगच नाही.

काँक्रीटमधली पोलादी सळई लागली की खरी परीक्षा. पोलाद तडकत नाही, फक्त चेपतं. बिट तिथे अडकलं की फिरण्याचा सगळा पीळ मशीनच्या अंगात येतो आणि मशीन हातातून गरकन फिरू पाहतं. आतला क्लच अशा वेळी टर्र आवाज करत घसरतो. तो आवाज आला की ट्रिगर सोडायचा, ‘अजून थोडं’ म्हणायचं नाही. बाजूचा हँडल काढून ठेवणारे बरेच दिसतात, कोपऱ्यात अडचण होते म्हणून. मला हा सगळ्यात मोठा वेडेपणा वाटतो. मशीनचा पीळ मनगटापेक्षा लांब हँडलवर पेलणं कितीतरी सोपं, आणि शिडीवर असाल तर हाच झटका खाली पाडतो. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे सौम्य हवामानात सळईवरचं काँक्रीट किमान २० मिलिमीटर आणि कॉलममध्ये साधारण ४० मिलिमीटर असतं. एसीच्या ब्रॅकेटचा अँकर, म्हणजे भिंतीत रुतणारा बोल्ट, त्याहून खोल जातो, तेव्हा सळई भेटणं नवलाचं नाही. भेटली तर भोक बाजूला सरकवा. बीम-कॉलमची सळई कापून भोक पूर्ण करणं म्हणजे इमारतीच्या हाडाला हात घालणं.

आता वायरीचं. मशीनला वायर नाही म्हणून शॉकची भीती नाही, हा समज फार घट्ट बसलाय. मशीनमध्ये १८ व्होल्ट असतील, पण भिंतीत २३० आहेत. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक टाळायचं, शंका असेल तर एमसीबी पाडायचा. बॅटरीवरच्या मशीनची खरी मजा इथे आहे: घरातली वीज बंद करूनही ते चालतं.

भुकटीकडे कोणी लक्ष देत नाही. काँक्रीटमधल्या वाळूत सिलिका असते आणि तिचे काही मायक्रॉनचे कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. वर्षातून दोन खिळे लावणाऱ्याला हे होणार नाही. पण फॉल्स सीलिंगवाला, फायर लाइनवाला रोज डोक्यावर भोकं पाडतो आणि तोंडाला रुमाल बांधतो. रुमाल हे कण अडवत नाही. एन-९५ लागतो, डोळ्यांना चष्मा, कानात इअरप्लग. भोक तोंडाने फुंकूही नका, सगळी भुकटी थेट डोळ्यांत येते. हातपंप किंवा व्हॅक्युम वापरा.

कंपाचाही हिशेब आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमात आठ तासांच्या सरासरीत २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका कंप ही पहिली मर्यादा, ५ ही कमाल. मशीनच्या पुस्तिकेत १० लिहिलं असेल तर अर्ध्या तासात पहिली आणि दोन तासांत कमाल गाठली जाते. बोटं पांढरी पडून बधिर होणं ही त्याची पुढची पायरी.

बॅटरी विकत घेताना आकड्यांना भुलू नका. लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडले की नाममात्र १८ व्होल्ट होतात, पूर्ण चार्ज झाल्यावर २१. म्हणून ‘२१ व्होल्ट’चं खोकं १८ पेक्षा दणकट नसतं, आणि तशाच छोट्या खोक्यावर ‘८८’ वगैरे छापलेलं असेल तर तो निव्वळ स्टिकर. भरपूर काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर लावू नका, आधी निवू द्या. एप्रिलात बंद गाडीत ठेवू नका. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकली तर पेट घेऊ शकते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

वंगणाची जागा एकच लक्षात ठेवावी लागते. बॉशने १९७५ मध्ये आणलेल्या एसडीएस पकडीत, म्हणजे मशीनच्या तोंडाशी बिट धरणाऱ्या भागात, बिट घट्ट आवळलेलं नसतं. ते मुद्दाम मोकळं, पुढेमागे सरकणारं ठेवलेलं असतं. बिट हलतं म्हणून मशीन बदलून मागणारे दुकानदाराशी उगाच वाद घालतात. या सरकण्यासाठी बिट लावताना बॅटरी काढायची, बिटाचा मागचा दांडा फडक्याने पुसायचा आणि त्यावर हरभऱ्याएवढं ग्रीस. कोरडा दांडा लवकर झिजतो. छतात भोक पाडताना भुकटी याच पकडीत पडते, म्हणून बिटावर रबरी कप घालायचा. तापलेलं बिट पाण्यात बुडवू नका. कार्बाइडला तडा जातो किंवा ते टोक दांड्याला जोडणारा डाग सुटतो.

आणि एके दिवशी मशीन नुसतंच फिरायला लागेल, ठोके नाहीत. आधी मोडची कळ बघा. ती बरोबर असेल तर बहुधा आतल्या दट्ट्यावरचं किंवा ठोकळ्यावरचं रबरी ओ-रिंग झिजून हवा गळतेय. मोटर शाबूत असते, रिंग स्वस्त असते, रिपेअरवाला ती बदलून नवं ग्रीस भरून देतो. मशीन भंगारात घालण्याआधी एकदा त्याच्याकडे नेऊन बघा.