टेम्प्लेट आवडलं की त्यातला फोटो?

वेबसाइटसाठी टेम्प्लेट, म्हणजे पानांचा तयार साचा, निवडताना आपण मांडणी पाहतो, असं आपल्याला वाटतं. पण डेमोमधले, म्हणजे टेम्प्लेटच्या नमुना पानावरचे, धुक्यातले डोंगर काढून टाकले, तर मागे उरतात चार चौकटी, दोन फॉन्ट आणि एक बटण.

टेम्प्लेट आवडलं की नाही, हा कौल डोळ्याचं पातं लवायच्या आतच लागतो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या गिटे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वेबपानं अवघे ५० मिलिसेकंद दाखवली. तेवढ्यात दिलेलं मत अर्धा सेकंद पाहून दिलेल्या मताशी बरंच जुळलं. इतक्या वेळात मेनू वाचून होत नाही; जाणवतात ते रंग, उजेड आणि मोठे आकार, आणि ते बहुतेक फोटोतूनच येतात. पुढे ‘हॅलो इफेक्ट’ काम करतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवलं होतं की, एका गुणाची छाप बाकीच्या गुणांच्या मूल्यमापनावरही पडते. फोटो देखणा असला की टेम्प्लेट वापरायलाही सोपं असेल, असं वाटू लागतं.

डेमोतला फोटो मोठ्या विचाराने निवडलेला असतो. एका बाजूला निरभ्र आकाश किंवा कोरी भिंत असते आणि शीर्षक नेमकं तिथेच बसतं. बटणाचा रंगही अनेकदा फोटोतूनच उचललेला असतो. तिथे आपला गर्दीचा, उभा फोटो टाकला की कडा कापल्या जातात आणि पांढरी अक्षरं उजळ भागात विरघळतात. सुगम्यतेच्या, म्हणजे अधू नजरेच्या लोकांसह सर्वांना वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, किमान ४.५:१ हवा, फोटो बदलला की तोही बदलतो.

मला याहून महत्त्वाची वाटते ती वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २०१० मध्ये मांडलेली निरीक्षणं. वाचकांच्या नजरेचा माग घेतल्यावर दिसलं की, निव्वळ सजावटीच्या फोटोंकडे ते दुर्लक्ष करतात. खऱ्या माणसांचे आणि वस्तूंचे फोटो मात्र निरखून पाहतात. म्हणजे टेम्प्लेट घेणाऱ्याला भुरळ घालणारा फोटो वेबसाइटवर आलेल्या माणसाच्या फारसा कामाचा नसतो. तो माहिती शोधायला आलेला असतो.

म्हणून निवड करण्याआधी डेमोतले सगळे फोटो करड्या चौकटींनी झाकावेत. मग आपलं सर्वांत लांब शीर्षक आणि सर्वांत साधा फोटो त्यात घालून मोबाइलच्या पडद्यावर पाहावं.