याकी लोकांचा इतिहास

याकी हे मेक्सिकोच्या वायव्येला असलेल्या सोनोरा राज्यातले, याकी नदीच्या खालच्या खोऱ्यातले मूळ रहिवासी. ते स्वतःला योएमे म्हणतात. त्यांची भाषा युटो-अ‍ॅझ्टेक कुळाच्या काहिता शाखेतली असून दक्षिणेकडच्या मायो लोकांच्या भाषेला ती इतकी जवळची आहे की दोघांना एकमेकांचं बोलणं बऱ्यापैकी कळतं. आसपास सगळं वाळवंटी रान, निवडुंग आणि आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या भावकीतली मेस्कीटची झाडं, पण नदीला वर्षातून दोनदा पूर यायचा आणि पाणी ओसरलं की गाळात मका, घेवडा, भोपळा असं पीक निघायचं, त्यामुळे एवढ्या कोरड्या मुलखात इतकी दाट वस्ती राहू शकली. स्पॅनिश येण्याआधीच्या काळाबद्दल उत्खननातून फार काही हाती नाही. सुरेम नावाचे बुटके पूर्वज होते, एका बोलणाऱ्या झाडाने त्यांना पुढचं भविष्य सांगितलं आणि ते ऐकून काही जण जमिनीखाली आणि समुद्रात निघून गेले, अशी कथा मात्र आजही सांगतात.

लिखित इतिहास सुरू होतो ऑक्टोबर १५३३ मध्ये. दिएगो दे गुस्मानची तुकडी गुलाम शोधत नदीपर्यंत आली तेव्हा समोर याकी योद्धे उभेच होते. त्या मोहिमेतल्या एका निनावी वृत्तांतात याकींच्या म्होरक्याचं वर्णन सापडतं: मोती जडवलेला काळा झगा, भोवती कुत्रे, पक्षी, हरणं यांच्या आकृत्या, आणि सकाळचं ऊन पडल्यावर तो चांदीसारखा चमकत होता. त्याने धनुष्याने जमिनीवर रेघ ओढली, गुडघे टेकून मातीचं चुंबन घेतलं आणि ही रेघ ओलांडाल तर मराल असं सांगितलं. स्पॅनिशांनी ओलांडली, लढाई झाली आणि त्यांना मागे फिरावं लागलं. त्यानंतर पाऊणशे वर्षं किरकोळ भेटीगाठी सोडल्या तर याकींच्या वाटेला कुणी फारसं गेलं नाही.

१६०८ ते १६१० च्या दरम्यान दक्षिणेकडच्या सिनालोआ प्रांताचा स्पॅनिश कॅप्टन दिएगो मार्तीनेस दे उर्दाइदे चालून आला आणि हरला. शेवटच्या खेपेला तर त्याच्यासोबत सुमारे ४,००० मित्र आदिवासी होते म्हणतात, तरी तो कसाबसा जीव घेऊन निसटला. मग विजयी याकींनी १६१० मध्ये स्वतःहून तह का केला आणि पाद्री का मागितले? इथे अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण उर्दाइदेचा दरारा आणि पुढच्या मोठ्या हल्ल्याची भीती हे कारण देतात. एडवर्ड स्पायसरसारखे मानववंशशास्त्रज्ञ याकींचा स्वतःचा हिशोब जास्त महत्त्वाचा मानतात, म्हणजे शेजारच्या मिशनमधली (पाद्र्यांनी चर्चभोवती वसवलेल्या वसाहतींमधली) गुरंढोरं, नवी पिकं, अवजारं त्यांनी पाहिली होती आणि जिंकून बसल्यावर आपल्या अटींवर बोलणी करता येतात हेही त्यांना कळत होतं. दुसरं मत जास्त पटणारं आहे, कारण पुढची सव्वाशे वर्षं इथे लष्कराशिवाय मिशन चाललं. १६१७ मध्ये आंद्रेस पेरेस दे रिबास आणि तोमास बासिलियो हे जेझुइट या कॅथलिक संघाचे दोन पाद्री आले ते बरोबर सैन्याची तुकडी न घेताच.

आता आठ गावांचा प्रश्न, आणि याकी इतिहासातला खरा वाद हाच. कोकोरित, बाकुम, तोरिम, विकाम, पोताम, राहुम, उइरिविस आणि बेलेम ही ती गावं. पेरेस दे रिबासने सुमारे ३०,००० लोक ८० च्या आसपास वाड्या-वस्त्यांत विखुरलेले असल्याचं लिहिलंय आणि पाद्र्यांनी त्यांना चर्चभोवती एकत्र बसवून आठ गावं केली, हे पुस्तकी मत. याकी परंपरा मात्र वेगळंच सांगते. महापूर ओसरल्यावर संदेष्टे आणि देवदूत गात गात मुलखाच्या सीमेवरून चालले, सीमा तेव्हाच पवित्र झाली आणि आठ गावंही तेव्हाचीच, स्पॅनिश लोकांचा त्यात काही संबंध नाही. राहुमच्या जाणत्या मंडळींनी हे सगळं स्पॅनिशमध्ये लिहून ठेवलेला कागद विसाव्या शतकात अभ्यासकांना दाखवला. स्पायसरच्या मते गायलेल्या सीमेची ही कथा आजच्या रूपात बरीच अलीकडची असावी, एकोणिसाव्या शतकात जमिनीवर बाहेरून दाब वाढला तेव्हा घट्ट झालेली. यावर नंतरच्या काहींचा आक्षेप असा की कागदाचं वय आणि कल्पनेचं वय एकच धरायचं काही कारण नाही. १५३३ ची ती रेघ आणि ही गायलेली सीमा एकाच माळेत ओवायचा मोह होतो खरा, पण मधल्या काळातला पुरावा तुटक आहे. गावांची मांडणी जेझुइटांची आणि सीमेचा हट्ट त्याच्याही आधीचा, एवढं म्हणणं बहुधा सुरक्षित. हा वाद नुसता कागदी नाही हेही लक्षात घ्यायला हवं, कारण "जमीन राजाने दिली, सरकारने दिली" असं मानलं की ती परत घेताही येते, आणि याकी कोर्टात काय किंवा रस्त्यावर काय, ती कुणी दिलेलीच नाही असंच मांडत आले आहेत.

मिशनच्या काळात धान्य आणि गुरं इतकी वाढली की जादा माल बाहा कॅलिफोर्नियाच्या मिशनना जायला लागला, आणि तंटा तिथूनच पेटला. १७४० मध्ये पुराने पिकं गेली, लोक उपाशी आणि तरी कोठारातलं धान्य बाहेर जातंय. मुनी आणि बेर्नाबे हे दोन पुढारी त्याआधीच व्हाइसरॉयकडे, म्हणजे स्पेनच्या राजाच्या प्रतिनिधीकडे, अर्ज घेऊन मेक्सिको सिटीला गेले होते: कामाची मजुरी द्या, आमचे अधिकारी आम्हाला निवडू द्या, शस्त्रं बाळगू द्या, आमचा माल आम्हाला विकू द्या. ते तिकडे असतानाच इकडे उठाव झाला आणि संपलाही, तरी परत आल्यावर १७४१ मध्ये दोघांनाही मारण्यात आलं. १७६७ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली.

मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर परिस्थिती सुधारायच्या ऐवजी बिघडली. नव्या राज्याने सगळ्यांना नागरिक ठरवलं, म्हणजेच कर लावले आणि सामाईक जमिनीचे तुकडे पाडायची भाषा सुरू केली. १८२५ मध्ये हुआन बांदेरासने ग्वादालुपेच्या मातेचा (मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेचा) झेंडा घेऊन बंड केलं, शेजारच्या जमातींनाही जोडून घेतलं, आणि १८३३ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १८६८ मध्ये बाकुमच्या चर्चमध्ये शेकडो कैदी कोंडून त्यावर तोफा लावल्या गेल्या आणि त्यात शंभराहून जास्त माणसं मेली.

होसे मारिया लेइवा उर्फ काहेमे हा माणूस समजून घ्यायला अवघड. लहानपणी बापाबरोबर कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या गर्दीत गेलेला, ग्वायमासला शाळा शिकलेला, मेक्सिकन सैन्यात लढलेला, आणि १८७४ मध्ये सरकारनेच याकींना ताब्यात ठेवायला अल्काल्दे मायोर, म्हणजे मुख्य प्रशासक, म्हणून नेमलेला. याने काय केलं, तर नदीतून जाणाऱ्या होड्यांवर कर बसवला, धान्य आणि दारूगोळा साठवला, गावांच्या जुन्या सभा परत भरवल्या आणि दहा-एक वर्षं जवळपास वेगळं राज्यच चालवलं. १८८५ मध्ये फौज आली, १८८६ मध्ये बुआताचिवे या याकींच्या ठाण्याचा पाडाव झाला आणि एप्रिल १८८७ मध्ये काहेमेला पकडून गोळ्या घालण्यात आल्या. कैदेत असताना त्याच्याशी बोलून रामोन कोराल या राजकारण्याने त्याचं चरित्र लिहिलं, आणि हाच कोराल याकींना चिरडणाऱ्या सरकारात पुढे उपराष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेला. काहेमेबद्दलची बरीचशी माहिती याच एका लेखणीतून आलीय, तेव्हा ती जपूनच वापरावी.

त्यानंतर तेताबियाते या पुढाऱ्याने बाकातेते डोंगरातून गनिमी कावा चालवला. मे १८९७ मध्ये ओर्तिसला तह झाला, १८९९ मध्ये मोडला, आणि १८ जानेवारी १९०० रोजी मासोकोबाला सुमारे ४०० याकी मारले गेले, हजारभर पकडले गेले. मग मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दीआस याच्या राजवटीने उपाय काढला तो हद्दपारीचा. लढणारे, शेतमजूर, बायका, पोरं असा काही भेद न करता माणसं उचलायची, ग्वायमासहून जहाजात भरायची आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला युकातानमध्ये घायपाताच्या जातीतल्या हेनेकेनच्या मळ्यांवर विकायची. या पानांपासून निघणाऱ्या वाखाला अमेरिकेत तेव्हा प्रचंड मागणी होती. पत्रकार जॉन केनेथ टर्नरने डोकी ६५ पेसो हा भाव नोंदवलाय, आणि आपण साडेतीन वर्षांत १५,७०० याकी पोचवले असं एका कर्नलने त्याला सांगितलं होतं. इतिहासकार साधारण ८,००० ते १५,००० असे आकडे धरतात. कर्नलचा आकडा फुगवलेला असू शकतो. सोनोरातल्या जमीनदारांनाच शेवटी ही हद्दपारी नकोशी झाली, कारण शेतात आणि खाणीत राबणारे हात तेच होते.

१९१० मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीत बरेच याकी सोनोराचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आल्वारो ओब्रेगोनच्या बाजूने लढले, जमीन परत मिळेल या आशेवर. मिळाली नाही. १९२६ मध्ये त्यांनी विकामला ओब्रेगोनचीच रेल्वेगाडी अडवली आणि उत्तर म्हणून फौज आली, विमानातून बॉम्बही पडले. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासने नदीच्या उत्तर काठची ४ लाख हेक्टरहून जास्त जमीन आणि आंगोस्तुरा धरणाचं निम्मं पाणी याकींचं असल्याचं मान्य केलं. दक्षिण काठची कालव्याखालची भारी जमीन मात्र गेली ती गेलीच. त्या काठावरच्या शहराचं नाव आधी काहेमे होतं, मग ते बदलून सिउदाद ओब्रेगोन करण्यात आलं! त्याच शहराजवळच्या संशोधन केंद्रात कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉगने बुटक्या गव्हावर काम केलं आणि साठच्या दशकात भारताने मागवलेलं सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो ६४ हे बियाणं त्याच कामातलं. आपल्याकडे शरबती सोनोरा म्हणून जो गहू आला त्याच्या नावात हाच मुलूख आहे. हरितक्रांतीच्या वर्णनात याकी नावाचं खोरं येतं, याकी माणसं सहसा येत नाहीत.

१९५२ च्या ओब्रेगोन धरणानंतर खालच्या गावांजवळ नदी जवळपास कोरडीच असते. २०१० नंतर सोनोराची राजधानी हेर्मोसियो शहराला पाणी नेणाऱ्या इंडिपेंडेन्सिया जलवाहिनीवरून विकामला हायवे रोखले गेले, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने याकींचं म्हणणं विचारात घ्यायलाच हवं असा निकाल दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी विकामला येऊन सरकारतर्फे माफी मागितली.

धर्म आणि कला हा वेगळ्या नोंदीचा विषय आहे. हरिणनृत्य, पास्कोला हे नर्तक आणि लेंटमधले (ईस्टरआधीच्या उपवासकाळातले) मुखवटेधारी चापायेका एवढे उल्लेख इथे पुरेत. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, हे चापायेका चर्चवर चाल करून जातात आणि त्यांना फुलांच्या माऱ्याने हरवलं जातं. १९७० च्या आसपास अमेरिकेत गाजलेल्या कार्लोस कास्तानेदाच्या पुस्तकांमधला 'याकी गुरू' आणि त्याचं पेयोते (नशा आणणारं निवडुंग) प्रकरण मात्र याकी परंपरेत कुठे बसत नाही, त्यावर इथे वेळ घालवायला नको.

हद्दपारी चुकवून सीमेपलीकडे अ‍ॅरिझोनात पळालेल्यांची वस्ती टुसॉनजवळ पास्कुआ आणि फिनिक्सजवळ ग्वादालुपे इथे वाढली. जानेवारी १९१८ मध्ये बेअर व्हॅलीत अमेरिकी घोडदळाशी त्यांची चकमकही झाली होती. १९६४ मध्ये मॉरिस युडॉल या काँग्रेस सदस्याच्या प्रयत्नाने टुसॉनबाहेर २०२ एकर मिळाले, १८ सप्टेंबर १९७८ रोजी पास्कुआ याकी जमातीला अमेरिकी केंद्र सरकारची मान्यता मिळाली, पण ती 'नव्याने तयार झालेली' जमात म्हणून. 'ऐतिहासिक' हा दर्जा मिळायला १९९४ उजाडलं.