ब्रायटनचा विजय लॉटरी नव्हती

२०१५च्या रग्बी विश्वचषकात, इंग्लंडमधल्या ब्रायटनला, जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं, ते निव्वळ नशिबाने, असं अजूनही सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे आणि त्या खेळाडूंच्या घामावर अन्याय करणारं आहे.

१९९५मध्ये न्यूझीलंडने याच जपानला १४५-१७ असं चिरडलं होतं, त्यामुळे शंका समजू शकते. पण २०१२पासून प्रशिक्षक एडी जोन्स यांनी पहाटेपासून सराव घेतला. अंगापिंडाने लहान खेळाडूंसाठी वेग, दमसास आणि खाली वाकून भक्कम स्क्रम (दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांत अडकून चेंडूसाठी रेटतात ती झुंज), हा त्यांचा मार्ग. २०१३मध्ये टोकियोत वेल्स हरलं, तेव्हाच हे दिसलं होतं.

ब्रायटनचा शेवट आठवा. २९-३२, वेळ संपत आलेली, पेनल्टी मिळालेली. किक मारली असती तर बरोबरी पदरात होती. कर्णधार मायकेल लीचने स्क्रम मागितला! चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फिरला आणि कार्न हेस्केथने डाव्या कोपऱ्यात ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून पाच गुण मिळवले. स्वतःच्या स्क्रमवर भरवसा नसलेला कर्णधार असं करत नाही.

पुढे त्याच स्पर्धेत सामोआ आणि अमेरिकाही हरले. २०१९मध्ये तर आयर्लंड, स्कॉटलंडला नमवून जपान प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलं.