वनस्पती-अर्कांचे यकृत-कर्करोगविरोधी परीक्षण

वनस्पतीच्या साल, मूळ, पान इ. भागांपासून काढलेला अर्क यकृतातील कर्कपेशींची वाढ रोखतो का, हे तपासण्याच्या पद्धती. यकृतात उद्‌भवणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ७५ ते ८५ टक्के यकृतपेशीय कर्करोग (हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा) असतात. परीक्षणाचा रोख मुख्यतः त्यांवरच असतो.

या संशोधनाची परंपरा सांगताना कँप्टोथेसिन (१९६६) व टॅक्सॉल (१९७१) या वनस्पतींपासून मिळालेल्या कर्करोगविरोधी संयुगांचा दाखला दिला जातो. वॉल व वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांच्या संरचना प्रसिद्ध केल्या, हे खरे. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या त्या काळच्या चाळणीत मुख्य कसोटी उंदरांतील रक्ताच्या कर्करोगाची होती. यकृताशी त्यांचा संबंध दूरचा.

नमुन्याची ओळख वनस्पतितज्ज्ञाकडून पटवून त्याचा वाळवलेला नग वनस्पतिसंग्रहात ठेवतात. चूर्ण मेथॅनॉल, एथॅनॉल किंवा पाण्यात मुरवून द्रावक उडवून देतात. अर्क बहुधा डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून पेशींवर ४८ ते ७२ तास ठेवतात. निम्म्या पेशींची वाढ रोखणारी मात्रा मिलिलिटरला २० (काहींच्या मते ३०) मायक्रोग्रॅमच्या आत असेल, तर कच्चा अर्क पुढील तपासणीस योग्य मानतात.

पेशींचा प्रश्न : सर्वाधिक वापरला जाणारा पेशीवंश (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशी) हेपजी२ होय. अर्जेंटिनातील पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातील गाठीपासून तो बहुधा १९७० च्या दशकाच्या मध्यास तयार झाला. त्याचे वर्णन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ तो यकृतपेशीय कर्करोगाचा मानला गेला. २००९ मध्ये मात्र ती गाठ मुलांत आढळणाऱ्या हिपॅटोब्लास्टोमाची असल्याचे मत मांडले गेले. रुग्णाचे वय आणि बीटा-कॅटेनिन जनुकातील लोप पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही अनेक निबंधांत जुनेच वर्णन उतरत राहते. शिवाय औषधांचे रूपांतर करणारी सायटोक्रोम पी४५० एंझाइमे या पेशींत फार कमी असल्याने खऱ्या यकृतात अर्काचे काय होईल, हे त्यांवरून कळत नाही.

इतर काही वंशांची स्थिती याहून बिकट आहे. एसएमएमसी-७७२१ व बेल-७४०२ हे ‘यकृत-कर्क’ वंश आणि एल-०२ हा ‘निरोगी यकृता’चा वंश, हे तिन्ही प्रत्यक्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील हेला पेशींनी दूषित ठरले आहेत. एल-०२ शी तुलना करून काढलेला ‘अर्क निरोगी पेशींना इजा करत नाही’ हा निष्कर्ष त्यामुळे निराधार ठरतो; तुलना कर्कपेशींची कर्कपेशींशीच झालेली असते.

जिवंत पेशींच्या मोजणीतही फसगत संभवते. मोसमन यांच्या एमटीटी पद्धतीत (१९८३) जिवंत पेशी पिवळ्या क्षाराचे जांभळ्या फॉर्माझानमध्ये क्षपण (रासायनिक रूपांतर) करतात. वनस्पतीतील पॉलिफिनॉले हेच काम पेशींविना करतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. म्हणून तुलनेसाठी पेशीविरहित नमुना (नियंत्रण) ठेवणे आवश्यक असते. प्रथिने रंगवणारी सल्फोऱ्होडामीन पद्धत (१९९०) या बाबतीत अधिक भरवशाची समजली जाते.

प्राण्यांवरील प्रयोगांत डायएथिलनायट्रोसमीन हे कर्कजनक रसायन देऊन यकृतात गाठी निर्माण करतात, किंवा प्रतिकारशक्तीहीन उंदरांत मानवी कर्कपेशी रुजवतात. पहिल्या प्रकारात अर्क रसायनाच्या आधीपासून दिल्यास तो त्या रसायनाचे शरीरातील सक्रियीकरणच रोखू शकतो. असा निकाल प्रतिबंधाचा असतो, उपचाराचा नव्हे.

अर्काची यकृत-विषाक्तताही स्वतंत्रपणे तपासावी लागते : पायरोलिझिडीन अल्कलॉइडे यकृतातील सूक्ष्म शिरांना इजा करतात आणि ॲरिस्टोलोकिक अम्लाचा यकृताच्या कर्करोगाशीच संबंध दाखवला गेला आहे.

मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेली उदाहरणे थोडी आहेत. एपिमेडियम वनस्पतीतील इकॅरिइनपासून मिळणाऱ्या इकॅरिटिनला चीनमध्ये २०२२ मध्ये प्रगत यकृतपेशीय कर्करोगासाठी सशर्त मान्यता मिळाली. तेथेही मान्यता शुद्ध संयुगाला आहे, अर्काला नाही.