मोठ्या साइझच्या हेल्मेटमध्ये जास्त हवा खेळत नाही

ट्रायल्ससाठी (म्हणजे दगड, पायऱ्या असे अडथळे पाय न टेकता, तोल सांभाळत मोटरसायकलने पार करण्याच्या खेळासाठी) हेल्मेट घ्यायला येणारे बरेच जण डोक्याचं माप घेऊन झालं की सांगतात, "एक साइझ मोठंच द्या, आत हवा खेळली पाहिजे." उन्हाचे दिवस सुरू झाले की ही मागणी फार वाढते. काही आठवड्यांनी तेच हेल्मेट परत येतं. डोळ्यांवर घसरतं, पायरीवर गाडी चढवताना डोक्यावर हलतं, आणि गरम तर होतंच, अशी तक्रार असते. वापरलेलं हेल्मेट आम्ही बदलून देत नाही. त्यामुळे तुमचे पैसे अडकतात आणि तुमची नाराजी आम्हाला पत्करावी लागते. ती वेळ येऊ नये म्हणून हे माहितीपत्रक.

आधी मोठ्या साइझमध्ये काय बदलतं ते पाहू. बहुतेक उत्पादक दोन-तीन साइझना बाहेरचं कवच एकच वापरतात. आतला थर्माकोलचा थरही पुष्कळदा तोच असतो. मग मिडियम आणि लार्ज यांत फरक उरतो तो कापडी पॅडच्या जाडीचा. हवेची भोकं तेवढीच, थर्माकोलमधल्या चराही तेवढ्याच. तुम्ही जास्त हवा घेतली असं वाटतं, पण प्रत्यक्षात पातळ पॅड घेतलेले असतात.

सैल हेल्मेट बाजूंनी धरलेलं नसतं, म्हणून ते खाली बसतं आणि सगळा भार टाळूवर येतो. गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला टाळूजवळचीच वाट असते, आणि नेमकी तीच डोक्याने दाबली जाते. कपाळावरचा पॅड नीट टेकत नाही, त्यामुळे घाम टिपला न जाता सरळ डोळ्यांत उतरतो. हलणारं हेल्मेट आवरायला मग हनुवटीखालचा पट्टा करकचून ओढला जातो आणि गळा घासून निघतो. गरम होतं म्हणून आलेल्या तक्रारींत मापाचीच चूक आम्हाला सर्वांत जास्त सापडते.

सुरक्षिततेचं तर वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. ट्रायल्समध्ये वेग कमी असतो, पण पडणं वाईट असू शकतं. पुढचं चाक उंच पायरीवर असताना गाडी मागे उलटते आणि स्वार पाठीवर, डोक्याच्या मागच्या बाजूवर दगडात पडतो. थर्माकोल दबतो आणि दबताना आघात शोषतो. त्यासाठी तो डोक्याला लागून, जागच्या जागी असावा लागतो. सैल हेल्मेट आपटण्याआधीच सरकलेलं असतं.

मग हेल्मेट गार राहतं कशाने?

रस्त्यावरच्या हेल्मेटची भोकं वेगाच्या वाऱ्यावर चालतात. पुढून वारा आत शिरतो, मागून ओढला जातो. ट्रायल्समध्ये सेक्शनच्या, म्हणजे आखून दिलेल्या अडथळ्यांच्या टप्प्याच्या, आत गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाते, कधी जागीच तोललेली असते. तिथे हा वाराच नसतो. म्हणून पुढच्या बाजूला किती भोकं आहेत ते मोजत बसू नका. हेल्मेट उलटं करून आत पाहा: थर्माकोलमध्ये खोल चरा आहेत का, त्या टाळूपर्यंत आणि मागच्या भोकांपर्यंत अखंड जातात का, की वरची भोकं नुसती शोभेची असून आत बंद आहेत? वर आणि मागे मोकळी वाट असेल तर गरम हवा उभ्या जागीही बाहेर पडते. आमच्या दुकानात प्रत्येक मॉडेलचं अस्तर काढून हे दाखवतो. विकत घ्या किंवा न घ्या, बघून जा.

ट्रायल्सचं हेल्मेट उघड्या चेहऱ्याचं आणि हलकं असतं ते याच कारणाने. स्वार सतत फुटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभा, मान सारखी हलती, श्वास जोराचा. हनुवटीपुढे आडवं काही नसलं की श्वासातली गरम, दमट हवा अडून राहत नाही. याची किंमतही आहे: चेहऱ्याचा खालचा भाग उघडा राहतो. म्हणून मोटोक्रॉससारख्या वेगाच्या प्रकाराला हे हेल्मेट आम्ही देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

रंगाबद्दल नेहमी विचारतात. पांढरं किंवा फिकं कवच उन्हात कमी तापतं हे खरं, आणि दिवसभर उघड्यावर राहायचं असेल तर तेच घ्या. पण थर्माकोल मुळात उष्णतारोधक असल्याने आतला फरक वाटतो तेवढा मोठा नसतो. मापात चुकून रंगात कमावता येत नाही.

शरीर गार होतं ते घाम वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. नाकावरून टपकून गेलेला घाम काहीच नेत नाही. हवा 35 अंशांच्या वर गेली की नुसता वारा अंग गार करत नाही, घाम वाळवला तरच उपयोग. म्हणून हेल्मेटच्या आत बर्फ, ओला रुमाल, पाण्याने चिंब केलेलं अस्तर असे प्रकार करू नका. आत वाळायला वाव कमी, पॅड जड होतात, आणि थोड्या वेळाने डोक्यावर कोमट पाणी घेऊन फिरता. त्यापेक्षा मानेभोवती ओलं कापड गुंडाळा. मान उघडी असते, तिथे पाणी खरोखर वाळतं. आत पातळ, घाम ओढणारी टोपी घाला, दोन जवळ ठेवा, पहिली ओली झाली की बदला. टोपी घालणार असाल तर माप देतानाही तीच घालून द्या.

सर्वांत मोठा फरक मात्र हेल्मेट काढण्याने पडतो. स्पर्धेचा बराच वेळ सेक्शन पायी चालून पाहण्यात आणि रांगेत उभं राहण्यात जातो. तेवढा वेळ इंजिन बंद, हेल्मेट डोक्यावरून खाली, सावलीत उलटं ठेवलेलं, हे जमलं तर निम्मं काम झालं. लोक काढत नाहीत कारण बकल काढ-घाल करायचा कंटाळा येतो. म्हणून ट्रायल्ससाठी आम्ही दातेरी पट्टीचं बकल सुचवतो. ते हातमोजे घालूनही उघडतं. जोडकड्यांचं बकल (पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळायचं) पक्कं आहे यात वाद नाही, पण दिवसभरात पुन्हापुन्हा उघडायला किचकट. एक सवय मात्र सोडा. एका सेक्शनपासून दुसऱ्यापर्यंत जाताना पट्टा उघडा ठेवून हेल्मेट नुसतं डोक्यावर अडकवलेलं असतं. त्या वाटेवर गाडी सेक्शनपेक्षा वेगात असते. गाडीवर बसताय तर पट्टा लावलेला हवा.

हेल्मेट काढून सायलेन्सरवर किंवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवू नका. उष्णतेने थर्माकोल आकसतो, पेट्रोलने तो विरघळतो. बंद कारच्या काचेमागे उन्हात ठेवलेल्या हेल्मेटचेही हाल होतात.

भोकं पाडून देणार नाही

काही जण स्वतः ड्रिल मारून आणतात, काही आम्हाला मारून द्यायला सांगतात. आम्ही हे काम घेत नाही, आणि ड्रिल मारलेल्या हेल्मेटला नवे पॅडही बसवून देत नाही. यावरून आमच्याशी वाद होतात, पण हा नियम बदलणार नाही. ईसीई 22.06 सारख्या (युरोपात चालणाऱ्या) हेल्मेट-सुरक्षा मानकाची चाचणी जसं बनलं तशा हेल्मेटवर होते. कवचाला नवं भोक पडलं की तिथून तडा धावू शकतो, आणि थर्माकोल कोरला की तिथे आघात शोषायला काही उरत नाही. स्पर्धेच्या तपासणीत असं हेल्मेट बाद होऊ शकतं. शिवाय वर लिहिल्याप्रमाणे, वारा नसताना पुढच्या भोकाने मिळणार काय?

अस्तर धुण्याबद्दल थोडक्यात. घामाचं मीठ आणि डोक्याचं तेल साचलं की पॅड कडक होतात, घाम ओढेनासे होतात, आणि हेल्मेट "अलीकडे जास्त गरम होतं" असं वाटू लागतं. कोमट पाणी, थोडा शाम्पू, हाताने दाबून धुणं, न पिळता सावलीत वाळवणं. कवच पुसायला थिनर किंवा पेट्रोल कधीच नाही. पॉलीकार्बोनेट प्लास्टिकच्या कवचाला ते बारीक तडे पाडतं. भोकांत अडकलेला चिखल मऊ ब्रशने काढा. ज्यांना लागोपाठ दोन दिवस चालवायचं असतं त्यांनी अस्तराचा दुसरा संच घेऊन ठेवावा. आम्ही विकतो त्या सर्व मॉडेल्सचे संच वेगळे मिळतात. जुनं हेल्मेट गार वाटायला लागण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चक्कर, डोकं ठणकणं, मळमळ, अंगावर काटा येणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही जाणवलं तर तो हेल्मेटचा प्रश्न उरत नाही. गाडी बाजूला लावा, सावलीत जा, अंगावर पाणी घ्या, सोबतच्यांना सांगा. बोलणं असंबद्ध होऊ लागलं तर लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

माप घ्यायला येताना

भुवयांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून आकडा काढता येतो, पण त्यावर विसंबून हेल्मेट निवडू नका. डोकं गोल की लांबट हे टेप सांगत नाही. आम्ही हेल्मेट घालून पंधरा-वीस मिनिटं बसवतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. पण कपाळावर एकाच जागी टोचतं आहे की नाही हे त्याआधी कळतच नाही. पट्टा लावून मागून वर ढकललं तर हेल्मेट पुढे निघून येता कामा नये, आणि ते हलवलं की कपाळाची त्वचा सोबत हलली पाहिजे. नवे पॅड थोडे आवळ वाटतात, वापराने बसतात. फक्त गाल दाबले जात असतील तर साइझ न वाढवता गालाचे पातळ पॅड लावून देतो, आमच्याकडून घेतलेल्या हेल्मेटला त्याचं वेगळं शुल्क नाही.

घालणार असाल ती टोपी, चष्मा आणि हातमोजे सोबत आणा. केस लांब असतील तर गाडी चालवताना बांधता तसेच बांधून या. जुनं हेल्मेट असेल तर तेही आणा. त्याचे पॅड कुठे जास्त दबलेत ते पाहून तुमच्या डोक्याचा आकार आम्हाला लवकर कळतो.