इंगळ धरणारं लाकूड

मराठवाड्यातली थंडी दोन-अडीच महिन्यांचीच, पण कोरडी आणि बोचरी. परभणीत पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो. थंड देशांत घर उबदार ठेवायला पाइन बरं की ओक, असा वाद असतो. इथे पाइन उगवतच नाही. इथला सवाल तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या नि कापसाच्या वाळक्या काड्या, की बाभूळ, एवढाच होता आणि त्याचं उत्तर शिवारात काय उरतं त्यावर ठरत आलं.

पूर्ण वाळलेलं कुठलंही लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं, साधारण ४,५०० किलोकॅलरी. फरक पडतो तो घट्टपणाचा. पांगारा, सावर भगभग पेटतात आणि लगेच राख होतात. बाभळीची ढपली पेटायला वेळ घेते, पण तिचा इंगळ, म्हणजे निखारा, दम धरतो. रात्री तो राखेखाली झाकायचा आणि पहाटे वर तुराट्या टाकून फुंकायचं, की चूल पुन्हा धडाडते.

पण चुलीच्या वाट्याला बाभूळ यायची किती? बांधावरची बाभूळ औताला नि गाडीला लागायची. सुताराकडच्या ढपल्या आणि बुडखे तेवढे जळतणाला. किनवटचा डोंगराळ भाग सोडला तर जंगल विरळ आणि लातूर तर राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत मोडतो. त्यामुळे रोजचा भार गोवऱ्यांवर आणि काडीकुडीवर. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण विभाग आला, सुबाभळीची लागवड झाली. वेडी बाभूळ मात्र नदीकाठी, गायरानात आपसूक फोफावली. काट्यांनी हात फाटतात, पण लाकूड घट्ट आणि इंगळ उत्तम.

सर्वांत मोठा फरक मला सोयाबीनने पडलेला दिसतो. कापूस निघाला की पऱ्हाट्यांची गंज दाराशी लागायची. सोयाबीन मळणीयंत्रातून काढलं की उरते गुळी, म्हणजे बारीक भुसा, तिचं सरपण होत नाही. जिथे कापूस हटला, तिथे जळतणही हटलं आणि सरपणासाठी बायांची पायपीट वाढली. याची नोंद पीकबदलाच्या चर्चेत फारशी होत नाही, ती व्हायला हवी.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस गावोगाव पोचला. तरी सिलिंडर पुरवायचा म्हणून आंघोळीचं पाणी अजून अनेक घरांत बंबावर किंवा अंगणातल्या चुलीवरच तापतं. तिथे लाकूड कोणतं, यापेक्षा ते वाळलेलं आहे का, हे आधी बघावं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचंच असू शकतं. ते पाणी उडवण्यातच आच खर्ची पडते आणि धूर बाईच्या छातीत जातो.