लिओनार्ड निमॉय यांना स्पॉक कधीच नकोसा नव्हता

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेतला टोकदार कानांचा परग्रहवासी स्पॉक साकारणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांना ती भूमिकाच नकोशी झाली होती, असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावा काय, तर १९७५चं त्यांचं आत्मचरित्र, ‘आय ॲम नॉट स्पॉक’, म्हणजे ‘मी स्पॉक नाही’. नाव वाचूनच लोक मोकळे झाले. पुस्तक उघडलं फार थोड्यांनी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या नावामागचा प्रसंग किती साधा आहे! विमानतळावर एक आई आपल्या मुलाला म्हणाली, हे बघ, तुझे आवडते स्पॉक. समोरच्या माणसाच्या कानांना टोकं नव्हती. पोराच्या चेहऱ्यावर ओळखीची खूणही उमटेना. निमॉयना पटलं, पोराचं बरोबर आहे. आणि त्याच पुस्तकात ते लिहितात, दुसरं कोणी व्हायचंच झालं तर मी स्पॉक होईन.

भांडण होतं, पण स्टुडिओशी. त्यांचा चेहरा वापरून माल विकला जात होता, त्याच्या मोबदल्यावरून. ते मिटलं आणि १९७९च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात ते परतले. १९८४ आणि १९८६चे चित्रपट तर त्यांनीच दिग्दर्शित केले. १९९५मध्ये दुसरं आत्मचरित्र आलं, ‘आय ॲम स्पॉक’. २०१३मध्ये, ८२व्या वर्षी, ते पुन्हा स्पॉक म्हणून पडद्यावर दिसले.